मोंढ्यातली पट्टी ते जीएसटी: संगणकाचं कोणतं काम आपल्या जिल्ह्यात पैसे देतं आणि ते कसं शिकायचं

एमएस-सीआयटी हा संगणकाची ओळख करून देणारा कोर्स २००१ पासून आहे आणि मराठवाड्यात ते प्रमाणपत्र घराघरात सापडतं. बऱ्याच सरकारी पदांच्या अर्जात ते मागतात, त्यामुळे करून ठेवावंच. पण त्यात संगणकाची ओळख होते, हाताला सफाई येत नाही. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आडत्याने ‘एवढ्या महिनाभराच्या पट्ट्या शीटमध्ये घालून दे’ म्हटलं की तिथे सफाईच लागते. पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालविक्रीच्या हिशेबाची पावती. लातूरची डाळमिल, जालन्यातली सळई आणि बियाण्याची कंपनी, वाळूज-शेंद्र्यातल्या कारखान्याचं स्टोअर, वसमतचा हळदीचा व्यापारी, तालुक्याचा वकील, कर सल्लागार अशी गिऱ्हाइकं वेगवेगळी असली तरी त्यांची गरज तीनच गोष्टींची असते. बिनचूक मराठी टायपिंग, आकड्यांची नीट शीट आणि जीएसटीची नोंद. कारखान्यात लाइनवर लागलेला पोरगा स्टोअर किंवा डिस्पॅचला जातो तो बहुधा याच जोरावर.

रील कापणं, लोगो करणं यालाही मागणी आहे, पण तिथे स्पर्धा देशभराची. मोंढ्याची पट्टी वाचता येणारा माणूस मात्र बंगळुरात बसून मिळत नाही. म्हणून सुरुवात इथून करावी.

मराठी टायपिंग: आधी कळफलक ठरवा

विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये जाऊन भाषा म्हणून मराठी जोडा. त्यानंतर विंडोजची कळ आणि स्पेस एकदम दाबली की मराठी-इंग्रजी अदलाबदल होते. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक शिका. उच्चारानुसार इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणारी साधनं पहिल्या दिवशी सोपी वाटतात, पण दर शब्दाला पर्याय निवडत बसावं लागतं आणि वेग तिथेच अडकतो. इनस्क्रिप्टमध्ये मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात. ‘के’वर क, ‘एल’वर त, ‘जे’वर र, ‘ई’वर काना आणि ‘डी’वर हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायची खूण, येतो. जोडाक्षर हलन्ताने होतं, म्हणजे ‘क्त’ हवं असेल तर के, डी, एल.

सगळ्यात जास्त चुका एकाच ठिकाणी होतात, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ला. ‘शेतकऱ्यांना’ लिहिताना साधा र घेतला तर तो य वर रफार होऊन चढतो आणि ‘शेतकर्यांना’ असं दिसतं. तिथे शिफ्ट धरून ‘जे’, मग ‘डी’, मग य. ‘ळ’ शिफ्ट आणि ‘एन’वर, ‘ण’ शिफ्ट आणि ‘सी’वर. ही तीन अक्षरं आठवडाभर घोटली की मजकूर नवशिक्याचा वाटत नाही.

रोज दोन वेळा अर्धा-अर्धा तास सराव पुरतो. पहिले १५ दिवस वेग मोजू नका, फक्त कळफलकाकडे बघायचं नाही एवढाच नियम पाळा. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट मागतात, त्यामुळे ३० हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी ही संगणक टायपिंगची परीक्षा द्यायची असेल तर पैसे भरण्याआधी परीक्षेत कोणता कळफलक चालतो ते संस्थेत विचारून घ्या. एक शिकून दुसऱ्यावर परीक्षा द्यायची वेळ आली की बोटं पार गोंधळतात.

छापखाने आणि जुन्या डीटीपीवाल्यांकडून येणारी फाइल बऱ्याचदा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टची असते. ओळखायला सोपी आहे. मजकूर निवडून फॉन्ट ‘मंगल’ करा. तो इंग्रजी अक्षरांचा कचरा झाला तर फाइल युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखी दिसणाऱ्या पद्धतीची, नाही. अशी फाइल रूपांतर करून देणं हे स्वतंत्र काम आहे, त्याचे वेगळे पैसे लावा. रूपांतरक वापरला तरी रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागच्या हलतात, म्हणून एक वाचन हातानेच करावं लागतं.

एक्सेल: एक पट्टी पूर्ण जमली की निम्मं आलं

कोर्सच्या पुस्तकातली विद्यार्थ्यांच्या गुणांची शीट सोडून द्या. ओळखीच्या दुकानातून आठवडाभराच्या पट्ट्यांचे फोटो मागा. रकाने असे पाडा: तारीख, शेतकरी क्रमांक, नाव, गाव, माल, कट्टे, वजन क्विंटलमध्ये, भाव, रक्कम, हमाली, तोलाई, निव्वळ. रक्कम म्हणजे वजन गुणिले भाव. ७ क्विंटल ३५ किलो सोयाबीन ४,५०० भावाने ३३,०७५ रुपये होते. पहिली ओळ कॅल्क्युलेटरवर ताडून बघा, मग सूत्र खाली ओढा.

आता घोळ कुठे होतो ते. ७ क्विंटल ५ किलो हे ७.०५ लिहायचं. घाईत ७.५ टाकलं की ४५ किलो वाढले, म्हणजे याच भावाने २,०२५ रुपये. ही चूक बेरजेत दिसत नाही, शेतकरी दारात आल्यावर दिसते. त्यावर उपाय म्हणजे क्विंटल आणि किलो दोन वेगळ्या रकान्यांत घ्या आणि किलोला १०० ने भागून शीटलाच जोडू द्या.

बँक खात्याचे क्रमांक हा दुसरा सापळा. एक्सेल आकड्याचे १५ अंकच धरून ठेवतं. खातं १६ अंकी असेल तर शेवटचा अंक शून्य होतो आणि पैसे अडकतात. खात्याच्या सुरुवातीचं शून्यही गळून पडतं. १२ अंकी आधार क्रमांक तर मध्येच ‘ई’ घातलेल्या विचित्र रूपात दिसतो. क्रमांक भरण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करा. नंतर केला तर गेलेला अंक परत येत नाही.

तारखेचा घोळ सगळ्यात लबाड. संगणकाची प्रांतीय सेटिंग अमेरिकेची असेल तर ०५/०६ म्हणजे ५ जून न धरता ६ मे धरली जाते. १३/०६ त्याला कळतच नाही, म्हणून ती नुसता मजकूर बनून डाव्या कडेला चिकटते. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या की समजा, उजवीकडच्याही चुकलेल्या आहेत. सेटिंग भारताची करा आणि सगळ्या तारखा पुन्हा भरा. अर्ध्या दुरुस्त करण्यात जास्त वेळ जातो.

नावांचंही तसंच. एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हेने लिहिलं जातं, कधी शेवटी एखादी स्पेस राहते आणि पिव्हट टेबलमध्ये (एक्सेलने नावागणिक बेरीज करून दिलेल्या तक्त्यात) तीन शेतकरी उभे राहतात. ‘ट्रिम’ने सुरुवातीच्या-शेवटच्या स्पेस जातात, ऱ्हस्व-दीर्घ जात नाही. म्हणून शेतकरी क्रमांक हवा, आणि क्रमांकावरून नाव-गाव आणायला ‘व्हीलुकअप’ हे सूत्र. त्यातलं चौथं कलम शून्य ठेवायला विसरलात तर तो जवळपासचा चुकीचा माणूस उचलून आणतो आणि चूक दाखवतही नाही. ‘एक्सलुकअप’ जास्त सोयीचं आहे, पण ते २०२१ च्या आवृत्तीपासून आणि ३६५ मध्येच चालतं. गिऱ्हाइकाच्या दुकानात २०१६ असेल तर तुमची सुंदर शीट तिथे चूक झाल्याचा संदेश दाखवत बसेल. आधी त्याच्या संगणकावरची आवृत्ती बघा.

सूत्र एआयला विचारायला हरकत नाही. रकान्यांची नावं आणि काय हवं ते मराठीत सांगितलं तरी चालतं. फक्त आलेलं सूत्र आधी हाताने काढलेल्या दोन ओळींवर तपासा.

पैसे देऊन एक्सेल घेणं परवडत नसेल तर लिब्रेऑफिस फुकट आहे आणि त्याचे मराठीतले धडे आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर मिळतात. फोनवर शीट बघता येते, पण १०० ओळी भरणं म्हणजे डोळ्यांची आणि मानेची वाट. ओटीजी केबलने कीबोर्ड तरी जोडा.

जीएसटी: महिन्याचे ठरलेले दिवस

दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं विवरण) २० तारखेपर्यंत जातं. खरेदीवरची वजावट दाखवणारं २बी १४ तारखेला येतं. त्यामुळे कर सल्लागाराकडे ५ ते ११ आणि १४ ते २० या दिवसांत माणूस कमीच पडतो. काम मागायला जायचं तर महिन्याच्या २-३ तारखेला जा, १० तारखेला कुणाला बोलायला वेळ नसतो. ३बी चुकलं तर दिवसाला ५० रुपये, शून्य व्यवहार असेल तरी २० रुपये विलंब शुल्क लागतं. म्हणून वेळ पाळणाऱ्याची किंमत इथे लगेच कळते.

जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचा १० अक्षरांचा पॅन: पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. सर्वसाधारण नोंदणीत चौदावं अक्षर ‘झेड’. हे पाठ असलं की शून्य आणि ‘ओ’ची गल्लत बिल भरतानाच सापडते. नाहीतर खरेदीदाराची वजावट अडकते आणि फोन सल्लागाराला येतो.

नांदेडला तेलंगणाचा माल येतो, लातूर-धाराशिवला कर्नाटकाचा. पुरवठादाराचा क्रमांक ३६ किंवा २९ ने सुरू होत असेल तर सहसा आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर. २७ असेल तर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) निम्मे-निम्मे. नवशिके सगळीकडे निम्मे-निम्मे टाकतात.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकायला परवाना लागत नाही. शैक्षणिक मोडमध्ये महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी घेता येतात. सरावाला तेवढं भरपूर आहे.

दर कसा लावायचा

पानाला किती असं दुसऱ्याला विचारत बसू नका, घड्याळ लावा. ३०० शब्दांचं पान ३० च्या वेगाने १० मिनिटांत होतं, पण वाचन आणि मांडणी धरून २० मिनिटं जातात. तासाला १०० रुपये पडावेत असं ठरवलं तर पानाला साधारण ३५ येतात. हस्ताक्षर वाईट असेल, तक्ते असतील तर दीडपट. नमुना म्हणून एका दिवसाच्या पट्ट्या फुकट भरून द्या, महिनाभराच्या नाही. नियमित काम असेल तर महिन्याचा ठराव करा आणि त्यात किती नोंदी हे लिहून घ्या. नाहीतर ‘जरा एवढं बघ ना दादा’ म्हणत काम दुप्पट होतं.

लोकांचे आधार, पासबुक तुमच्याकडे येतात. काम झालं की सायबर कॅफेच्या संगणकावरून फाइल पुसा, व्हॉट्सॲप वेबमधून बाहेर पडा, रिसायकल बिनही रिकामा करा.

घरबसल्या डेटा एंट्रीच्या जाहिराती

यात मराठवाड्यातली पोरं हमखास फसतात, कारण काम खरंच येत असतं. साचा ठरलेला आहे: हजारो फॉर्म, काही दिवसांची मुदत, ९० टक्क्यांवर अचूकता. शेवटी अचूकता कमी भरली म्हणतात आणि करारभंगाची वकिली नोटीस पाठवून दंड मागतात. त्याला घाबरून पैसे पाठवू नका. दुसरा प्रकार टेलिग्रामवरचा. व्हिडिओ लाइक करायला पहिल्या दिवशी खरोखर १५०-२०० रुपये देतात, मग मोठ्या ‘टास्क’साठी आधी रक्कम भरायला लावतात. काम देणारा नोंदणीचे, किटचे किंवा अनामत म्हणून पैसे मागत असेल तर तिथूनच परत फिरा. पैसे यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही.

पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात १९३० वर फोन करा. हाताशी व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपल्या बँकेचं नाव ठेवा. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरही तक्रार नोंदवा आणि समोरच्याशी झालेलं बोलणं पुसू नका, त्याचे स्क्रीनशॉट लागतात.