टिचबटण उघडलं का?

अकरावीतल्या भाचीला पेशीविभाजन समजवायला इंदूरला राजवाड्याजवळून लाल-निळी लोकर आणि टिचबटणं आणली. लाल म्हणजे आईकडून आलेली गुणसूत्रं (पेशीतले डीएनएचे धागे), निळी बाबांकडून आलेली. एकाच रंगाचे दोन सारखे तुकडे मधोमध टिचबटणाने जोडले, की प्रत तयार झालेलं गुणसूत्र झालं. मोजताना धागे नाही, बटणं मोजायची. सगळा घोळ इथेच होतो. मायटोसिसमध्ये (शरीराच्या साध्या पेशींचं विभाजन) गुणसूत्रं एकेकटी रांगेत येतात, बटण उघडतं, माणसाच्या दोन्ही नव्या पेशींत 46 च. मिओसिसच्या (अंडपेशी-शुक्रपेशी बनवणारं विभाजन) पहिल्या फेरीत मात्र लाल-निळीची जोडी लावा, टोकांची अदलाबदल करा (हेच क्रॉसिंग ओव्हर, पोरं नेमकं विसरतात) आणि बटणं बंद ठेवूनच जोडी फोडा: 46 ची 23. बटणं उघडतात दुसऱ्या फेरीत.