गीझरमधून कडकड आवाज, पाणी कोमटच: माझा अनुभव (नागपूर)

गीझर लावला की आत फुटाणे फुटल्यासारखा आवाज, पाणी कोमट, शॉवरच्या भोकांत पांढरे क्षार. थर्मोस्टॅट बदलला, फरक शून्य. डोकं फिरलं.

कारण बोअरचं पाणी. पश्चिम नागपुरात खाली काळा बेसाल्ट खडक. त्याच्या भेगांत मुरलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. पेंच धरणाचं नळाचं पाणी त्यामानाने मऊ, म्हणजे कमी क्षारांचं.

आधी एमसीबी (गीझरची वीज तोडणारा बोर्डवरचा स्विच) बंद. गीझर गार झाल्यावर इनलेटचा कॉक बंद करून पाणी काढलं. खालची प्लेट उघडून पाणी तापवणारी कॉइल काढली: चुन्याचं जाड कवच! लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड, त्यात कॉइल तासभर. वायरींची टोकं कोरडीच. मग ब्रशने घासून, धुऊन, नव्या गॅस्केटसह (गळती रोखणारी रबरी रिंग) बसवली. गरम नळाला सलग धार आल्यावरच एमसीबी चालू, नाहीतर कॉइल जळते. गीझरची लाइन आता पेंचच्या टाकीवर घेतली आहे.