फ्लो मीटरला बॅरियर निवडताना लूपचं व्होल्टेज मोजा

कुरकुंभच्या एखाद्या प्लांटमध्ये सॉल्व्हंट लाइनवरच्या फ्लो मीटरला बॅरियर (स्फोटाचा धोका असलेल्या भागात ठिणगी पडण्याइतकी वीज जाऊ न देणारं उपकरण) निवडताना नुसतं सर्टिफिकेट बघून ऑर्डर देऊ नका. बॅरियरचं कमाल व्होल्टेज, करंट आणि पॉवर मीटरच्या मर्यादेत बसायला हवी. कपॅसिटन्स, इंडक्टन्स धरताना मीटरच्या आकड्यात केबलचाही मिळवा; लांब केबल असली की गणित तिथेच फसतं.

मग लूप बघा, म्हणजे मीटरला २४ व्होल्ट देणारं आणि त्याचा सिग्नल आणणारं सर्किट. झेनर बॅरियरचा (डायोडवाल्या साध्या बॅरियरचा) रेझिस्टन्स ३४० ओहम असेल, तर २० मिलिअँपिअरला ६.८ व्होल्ट तिथेच जातात. कंट्रोल सिस्टिमच्या २५० ओहमच्या इनपुटवर आणखी ५. म्हणजे २४ मधले १२.२ उरले, तेही केबलचा ड्रॉप न धरता! मीटरला १२ लागत असतील तर हे अगदीच काठावर आहे. शिवाय झेनरला १ ओहमच्या आतलं अर्थिंग सांभाळत बसावं लागतं. आयसोलेटर (दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या ठेवणारा बॅरियर) महाग असतो, तरी मी तोच घ्या म्हणेन. मीटरला पल्स आउटपुट असेल तर आयसोलेटर किती हर्ट्झपर्यंत चालतो, तेही विचारून घ्या.