अंतराळ सहकार्याचा करार कसा वाचावा

दोन देशांनी अंतराळ सहकार्याचा करार केल्याची बातमी आली, की त्या कागदाला कायद्याचे बळ आहे का, हे प्रथम पाहावे. १९६७ चा बाह्य अवकाश करार त्यात सामील झालेल्या राष्ट्रांना बांधून ठेवतो. चंद्र व अवकाशातील शांततापूर्ण सहकार्यासाठी अमेरिकेच्या पुढाकाराने झालेला आणि भारताने २१ जून २०२३ रोजी सही केलेला आर्टेमिस करार मात्र तत्त्वांची राजकीय कबुली आहे. त्या सहीने चांद्रमोहिमेत जागा मिळत नाही आणि खर्चाचा वाटाही अंगावर येत नाही.

यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मोहिमेचा कोणता भाग कोणाच्या हातात आहे आणि तो काढून घेतला तर काय अडेल, हे शोधावे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची कक्षा उंचावण्याचे काम मुख्यतः रशियन विभागाकडे राहिले, तर बहुतांश वीज अमेरिकी विभागातून येते. म्हणूनच २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यानंतरही ते एकत्र चालत राहिले. मंगळावर जाणाऱ्या युरोपच्या ‘रोझालिंड फ्रँकलिन’ रोव्हरच्या (फिरत्या यंत्राच्या) वाट्याला असे परस्परावलंबन आले नाही. त्याला वाहून नेणारे रॉकेट रशियाचे आणि मंगळावर उतरवणारे यानही रशियाचे होते, त्यामुळे मार्च २०२२ मध्ये सहकार्य थांबले तेव्हा वर्षानुवर्षे खपून उभारलेला रोव्हर पृथ्वीवरच राहिला.

तयार वस्तू मिळणार आहे की ती घडवण्याची विद्या, हा भेदही करारात नीट तपासावा. १९९१ मध्ये इस्रोने सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉस या अंतराळ संस्थेशी क्रायोजेनिक (अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणारी) इंजिने आणि त्यांचे तंत्रज्ञान मिळवण्याचा करार केला होता. हे तंत्रज्ञान क्षेपणास्त्रांसाठी वापरले जाईल, असा आक्षेप घेऊन अमेरिकेने १९९२ मध्ये दोन्ही संस्थांवर निर्बंध लादले आणि पुढच्याच वर्षी रशियाने तंत्रज्ञान देण्यातून माघार घेतली. इंजिने आली, विद्या आली नाही. स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्यासह जीएसएलव्ही या इस्रोच्या रॉकेटचे पहिले यशस्वी उड्डाण होण्यासाठी ५ जानेवारी २०१४ उजाडावे लागले. त्या मधल्या वर्षांतली आपल्या अभियंत्यांची चिकाटी आठवली, की आजही ऊर भरून येतो.

देशांतर्गत कायदेही पाहावेत. अमेरिकेत २०११ पासून लागू असलेल्या वुल्फ दुरुस्तीमुळे नासाला खास मंजुरीवाचून चीनशी द्विपक्षीय सहकार्य करता येत नाही.

शेवटी, मिळणारी माहिती कोणाची, हे विचारावे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावलेल्या ‘निसार’ या पृथ्वीचे निरीक्षण करणाऱ्या नासा-इस्रोच्या संयुक्त उपग्रहामध्ये एल-बँड रडार आणि १२ मीटर व्यासाचा अँटेना नासाचा, तर एस-बँड रडार, उपग्रहाचा सांगाडा आणि रॉकेट इस्रोचे आहे. एकाने हात आखडता घेतला असता, तर दुसऱ्याचे रडारही जमिनीवरच राहिले असते. आणि या उपग्रहाची माहिती दोन्ही देशांबाहेरच्या संशोधकांनाही विनामूल्य खुली ठेवण्याचे धोरण आहे.