कॉलेज फुटबॉल: रेड झोनमधल्या प्ले-कॉलवर वाद कसा घालावा

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्ले (आधी आखलेली एक चाल) जमला तर कोच हुशार, फसला तर मूर्ख, या हिशेबाने घातलेला वाद पाच मिनिटांत शिळा होतो. आधी कागदावर पाच गोष्टी लिहा: डाऊन (१० यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी) कितवा, एंड झोन (मैदानाच्या टोकाचा, गुण मिळवायचा पट्टा) किती यार्डांवर, चेंडू कोणत्या हॅशवर (मैदानाच्या मधल्या भागातल्या खुणांच्या दोन रांगांपैकी), गुणांचा फरक किती, घड्याळात वेळ किती. सहाव्या ओळीत प्ले. निकाल लिहूच नका, तो सगळ्यांना पाठ असतो.

रेड झोन म्हणजे शेवटचे २० यार्ड, पण ती रेघ केवळ मोजणीच्या सोयीची. खेळ खरा आवळतो तो १० च्या आत. २० वर असताना एंड झोनचे १० यार्ड धरून ३० यार्ड खोली मिळते, ५ वर ती १५ उरते. मागची रेषा बचावाला फुकटात मिळालेला बारावा गडी ठरते, सेफ्टीला (सगळ्यात मागच्या बचावपटूला) पाठीमागची धास्ती राहत नाही आणि तो धावेवर तुटून पडतो. रुंदी मात्र तेवढीच, ५३ यार्डांहून किंचित जास्त. म्हणून ‘लांब पास का नाही टाकला’ हा प्रश्न इथे बाद. ‘रुंदी कशी वापरली’ हे विचारा.

रुंदीचा विषय निघाला की हॅश बघायलाच हवा, आणि नेमकं तेच बहुतेक जण विसरतात. कॉलेजमध्ये दोन हॅशमध्ये ४० फूट अंतर असतं, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये साडेअठरा. कॉलेजात चेंडू हॅशवर असला की एका बाजूला २० यार्ड, दुसऱ्या बाजूला ३३ हून थोडे जास्त. क्वार्टरबॅक (चेंडू घेऊन प्ले चालवणारा खेळाडू) रुंद बाजूला पळत पास टाकणार की अरुंद बाजूच्या कोपऱ्यात फेड (उंच पास), यातला फरक इथून सुरू होतो. किकचंही तेच. ३ यार्डांवरून फील्ड गोल (खांबांमधून मारलेली किक, ३ गुण) फक्त २० यार्डांचा, पण हॅश मध्यापासून २० फूट बाजूला आणि जवळचा खांब मध्यापासून सव्वानऊ फुटांवर. एवढ्या जवळून तो कोन चांगलाच तिरका पडतो. तिसऱ्या डाऊनला कोच मधोमध बिनधोक धाव देतो तेव्हा भित्रेपणाचा शिक्का मारायच्या आधी हे तपासा: कदाचित तो किकरसाठी चेंडू मध्यावर आणत असेल.

एनएफएलचे दाखले जपून द्या. कॉलेजात पास पुढे जाणार असला तरी लाइनमनला (पुढच्या रांगेतल्या अडवणाऱ्यांना) ३ यार्ड पुढे जायची मुभा आहे, तिकडे एकच. त्यामुळे आरपीओ (धाव की पास हे क्वार्टरबॅक ऐनवेळी ठरवतो असा प्ले) कॉलेजात जास्त धारदार. इथे पडद्यावर धाव दिसली म्हणून कोचने धावच मागितली होती असं ठरत नाही; क्वार्टरबॅकने एका लाइनबॅकरकडे (मधल्या फळीतल्या बचावपटूकडे) बघून चेंडू हातात दिलेला असतो. २०२४ पासून एफबीएसमध्ये (कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या गटात) कोचचा आवाज पोचवणारा हेल्मेटमधला रेडिओ आला, पण प्ले-क्लॉकवर (प्ले सुरू करायच्या मुदतीच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की तो बंद होतो. त्यानंतरचा बदल बहुधा खेळाडूंनीच केलेला असतो. स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन प्ले सुरू होण्याच्या) आधी व्हिडिओ थांबवा, बॉक्समधली (चेंडूसमोरच्या मधल्या भागातली) बचावाची माणसं मोजा, अडवणारे मोजा. हे न करता ‘वाईट कॉल’ म्हणणाऱ्याला मी गंभीरपणे घेत नाही.

आकडे मांडताना एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) रेड झोन टक्केवारीने फसू नका. तिच्यात टचडाऊन (चेंडू एंड झोनमध्ये नेणं, किकसह ७ गुण) आणि फील्ड गोल दोन्ही सारखेच ‘यश’ धरतात. एक संघ १० वेळा आत गेला, ४ टचडाऊन आणि ५ फील्ड गोल: ९० टक्के, ४३ गुण. दुसरा १० वेळा, ७ टचडाऊन आणि १ फील्ड गोल: ८० टक्के, ५२ गुण. दर फेरीमागे किती गुण मिळाले ते काढा, आणि वेळ संपवायला गुडघा टेकलेल्या फेऱ्या आधी वगळा.

चौथा डाऊन, एंड झोन २ यार्डांवर: हा हिशेब तोंडी करता येतो. फील्ड गोल १०० पैकी ९५ वेळा जातो असं धरा, म्हणजे २.८५ गुण. टचडाऊनचे किकसह ७ धरा. भागाकार येतो सुमारे ४१ टक्के. २ यार्ड मिळण्याची शक्यता त्याहून जास्त वाटत असेल तर जा. शिवाय फसलं तरी समोरचा संघ स्वतःच्या २ यार्डांवर अडकतो, त्यामुळे उंबरठा आणखी खाली येतो. शेवटच्या मिनिटांत मात्र हे गणित गुंडाळून ठेवा. ४ ने मागे असाल तर ३ गुणांचा उपयोग नाही. ५ ने पुढे असाल तर तेच ३ गुण आघाडी ८ वर नेतात, म्हणजे एका टचडाऊनने समोरचा पुढे जात नाही.

आता सगळ्यात कामाचा प्रश्न: हा प्ले फसला तर पुढचा डाऊन कसा दिसेल? १० जानेवारी २०२५, कॉटन बोल. टेक्सस १४-२१ ने मागे, १ यार्डावर पहिला डाऊन. पहिली धाव शून्य. दुसऱ्या डाऊनला बाहेरून टॉस (कडेने पळणाऱ्याकडे मागे फेकलेला चेंडू), ७ यार्ड मागे. तिसऱ्याला पास खाली पडला. चौथ्याला ओहायो स्टेटच्या जॅक सॉयरने टेक्ससचा क्वार्टरबॅक क्विन इवर्सच्या हातून चेंडू उडवला आणि ८३ यार्ड पळत जाऊन टचडाऊन केला, निकाल २८-१४. टॉसच्या बाजूने बोलायला जागा आहे: बचाव मधोमध दाटलेला, कडेला मोकळीक. पण टॉसमध्ये चेंडू आधी काही यार्ड मागे जातो, एक ब्लॉक सुटला की तेवढं अंतर हातचं जातं. मधली धाव अडली असती तर तिसऱ्याला १ यार्ड उरला असता. टॉस फसला तेव्हा ८ उरले, आणि धावेची भीती संपताच पास-रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारे) मोकळे सुटले. माझ्या मते कॉलवर बोट ठेवायचं ते इथे. सुटलेल्या ब्लॉकचा दोष वेगळ्या रकान्यात.

चौथ्या डाऊनला हा प्रश्न गळून पडतो, कारण पुढचा डाऊनच नाही. १ जानेवारी २०२४ च्या रोझ बोलमध्ये ओव्हरटाइममध्ये ३ यार्डांवर अलाबामाने जेलन मिलरोला मधून पळवलं, मिशिगनने अडवलं, २७-२०. क्वार्टरबॅक स्वतः पळाला की अडवायला एक माणूस जास्त मिळतो, हे बाजूने. विरोधात: त्या दिवशी अलाबामाचे स्नॅप वारंवार गडबडत होते, आणि शॉटगनमधल्या (क्वार्टरबॅक काही यार्ड मागे उभा असतानाच्या) धावेचं सगळं गणित स्वच्छ स्नॅपवर उभं असतं.

ओव्हरटाइमवर बोलताना एक बारीक मुद्दा धरा. २०२१ पासून तिसऱ्या ओव्हरटाइमपासून पुढे ३ यार्डांवरून फक्त दोन गुणांचे, एकेका प्लेचे प्रयत्न होतात. चौथ्या क्वार्टरमध्ये कोचने आपला हुकमी प्ले वापरून टाकला असेल तर आता त्याच्या चिठ्ठीवर काय उरलंय, ते आधी मोजा.