पाण्याच्या ताळेबंदात उपग्रहाचे आकडे: या चुका टाळा

गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडताना उपग्रहाचे आकडे हाताशी असले की काम झपाट्याने होतं. पण आकडा चुकला असेल तर ते एप्रिलमध्ये कळतं. कागदावर पाणी शिल्लक आणि विहिरीचा तळ उघडा! पश्चिम विदर्भात काम करताना पुढच्या चुका हमखास होतात.

ग्रेसचा आकडा तालुक्याला लावणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. आधी ग्रेस आणि २०१८ पासून ग्रेस-एफओ ही दोन उपग्रहांची जोडी गुरुत्वाकर्षणातल्या बारीक फरकावरून पाण्याची घट-वाढ टिपते. पण तिची नजर साधारण ३०० किलोमीटरची. अख्खा विदर्भ सुमारे ९७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे तिच्या लेखी जेमतेम एक ठिपका. डाउनलोड केलेल्या फाइलीत अर्ध्या अंशाचे चौकोन दिसतात आणि अकोल्याचं मोजमाप वेगळं, यवतमाळचं वेगळं असा समज होतो. तसं ते नसतं.

शिवाय त्या आकड्यात जमिनीतली ओल, धरणांतला साठा आणि भूजल सगळं एकत्र असतं. ओल आणि साठा वजा केल्याशिवाय भूजल निघत नाही. निघालेला आकडा विहिरीशी ताडताना खडक विसरू नका. झिजलेल्या बेसॉल्टचं स्पेसिफिक यील्ड, म्हणजे खडकातून निथळून मिळणाऱ्या पाण्याचं प्रमाण, १ ते ३ टक्केच धरतात. २ टक्के धरलं तर १० सेंटिमीटर भूजल घटणं म्हणजे विहिरीची पातळी तब्बल ५ मीटर खाली जाणं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत घेते. तुलनाही त्याच महिन्यांची करा.

ओल्या काळ्या रानाला तलाव समजणं

पावसानंतरची भारी काळी जमीन प्रतिमेत पाण्याइतकीच गडद दिसते. उलट तलावातलं गढूळ पाणी, बेशरमाची झुडपं आणि जलपर्णी यांमुळे खरं पाणी मोजणीतून सुटतं. त्यामुळे एनडीडब्ल्यूआयला (हिरव्या आणि निअर इन्फ्रारेड पट्ट्यांतल्या फरकावरून पाणी ओळखणारा निर्देशांक) शून्याचा उंबरठा लावून, म्हणजे शून्याच्या वरचं सगळं पाणी धरून, मोकळं होऊ नका. आपोआप उंबरठा काढायचा असेल तर तो अख्ख्या तालुक्यावर काढू नका, कारण तालुक्यात पाणी नगण्य आणि रान अफाट. तलावाभोवती शे-दोनशे मीटरचा पट्टा घ्या आणि तेवढ्यावरच काढा. मग खात्रीच्या पाण्याचे वीस आणि ओल्या रानाचे वीस बिंदू घेऊन तपासा.

सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या प्रतिमा वापरणाऱ्यांसाठी एक खास सापळा आहे. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या प्रतिमांत प्रत्येक मूल्यात १००० जास्तीचे असतात. समजा पाण्याचं हिरव्या प्रकाशाच्या पट्ट्यातलं खरं मूल्य ८०० आणि निअर इन्फ्रारेडमधलं ३००. निर्देशांक येतो ०.४५. तेच १८०० आणि १३०० धरले तर येतो ०.१६. उंबरठा ०.२ ठेवला असेल तर भरलेला तलाव आटलेला दिसणार. जुन्या-नव्या प्रतिमा शेजारी ठेवण्याआधी हे १००० वजा करा, किंवा गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन सेवेत हे १००० आधीच वजा केलेला ‘हार्मोनाइज्ड’ संग्रहच घ्या.

शेततळी मोजायला निघणं

३० बाय ३० मीटरच्या शेततळ्यात सेंटिनेल-२च्या प्रतिमेतले १० मीटरचे फार तर नऊ चौकोन बसतात. तळं चौकोनांच्या रेषेवर नेमकं बसलं नाही तर पूर्ण पाण्याचे चारच उरतात, आणि बांध तिरपा असला तर त्याहूनही कमी. शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड पट्ट्याचा चौकोन २० मीटरचा, त्यामुळे तिथे एखादा मिळाला तर मिळाला. शेततळी जागेवर जाऊन टेपनेच मोजावीत.

क्षेत्रफळाला साठा म्हणणं

उपग्रहाला पाण्याचा पसारा दिसतो, खोली दिसत नाही. एसआरटीएम या अंतराळातून केलेल्या रडार मोजणीतली जमिनीची उंची वापरून तळ काढायला जाऊ नका. ती फेब्रुवारी २००० मधली, आणि तेव्हा तलावात पाणी असेल तर उंची त्या पाण्याच्या पृष्ठभागाची. गाळ काढल्यावर तर साठा वाढतो, पण काठोकाठ भरल्यावरचं क्षेत्र तेवढंच राहतं. ती वाढ प्रतिमेत येत नाही.

मार्ग सोपा आहे. तलावात पातळी मोजायची पट्टी उभी करा आणि प्रतिमेच्या तारखेलाच वाचन घ्या. समजा ऑक्टोबरअखेर १२ हेक्टर पाणी होतं. जानेवारीअखेर पातळी दीड मीटर उतरली आणि क्षेत्र ८ हेक्टर राहिलं. सरासरी १० हेक्टर गुणिले १.५ मीटर, म्हणजे या काळात तलावातून सुमारे १५० टीसीएम (हजार घनमीटर) पाणी गेलं. त्यात बाष्पीभवन आणि पाझरही आला. सगळं पिकाच्या नावावर टाकू नका.

पावसाची तारीख न जुळवणं

आयमर्ग या उपग्रहावरून काढलेल्या पावसाच्या आकड्यांचा दिवस जागतिक वेळेनुसार, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. पर्जन्यमापकाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ, आणि तारीख मोजणीच्या सकाळची. संध्याकाळी कोसळलेला पाऊस नोंदवहीत दुसऱ्या तारखेला पडतो. आकडे जुळत नाहीत म्हणून उपग्रहाला दोष देण्याआधी अर्ध्या-अर्ध्या तासाचे आकडे घेऊन साडेआठ ते साडेआठ बेरीज करा.

खारपाणपट्टा विसरणं

पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात (जिथलं भूजल खारं असतं), भूजल वाढलेलं दिसलं तरी ते पिण्याजोगं किंवा ओलिताचं असेलच असं नाही. क्षार ग्रेसला कळत नाही. पाण्याची विद्युतवाहकता मोजून क्षारांचा अंदाज देणारा ईसी मीटर सोबत ठेवा. वाचन प्रति सेंटिमीटर २,२५० मायक्रोसीमेन्सच्या वर गेलं तर ते पाणी ताळेबंदाच्या जमा बाजूला सरळ धरू नका. वेगळ्या रकान्यात लिहा आणि विहिरीचा गट नंबर समोर नोंदवा.