हॉटेलचे पॉइंट घरच्यांना द्यायचे असतील तर

कामानिमित्त वर्षभर हॉटेलांत उतरणाऱ्या माणसाच्या हॉटेल साखळीच्या सदस्य-खात्यात मोफत मुक्कामासाठी वापरता येणारे पॉइंट साचत जातात आणि ते वापरायची सवड मात्र घरातल्या दुसऱ्याच कुणाला तरी असते. मुलगा अमेरिकेत, आई-वडील पुण्यात आणि सहल गोव्याची ठरलेली, अशा वेळी ‘आईच्या खात्यात पॉइंट कसे वर्ग करायचे?’ हा प्रश्न हमखास निघतो. तो थोडा बाजूला ठेवून, पॉइंट हलवण्याची मुळात गरज आहे का, हे आधी तपासावे. बहुतेक वेळा ती नसते.

मोठ्या हॉटेल साखळ्यांमध्ये आपल्याच खात्यातले पॉइंट वापरून दुसऱ्याच्या नावाने खोली घेता येते. मॅरियट, हिल्टन आणि हयात या तिन्हींमध्ये ही सोय आहे. म्हणजे आपले पॉइंट पुरेसे असतील, तर काहीही इकडून तिकडे न करता बुकिंग करावे आणि राहणाऱ्या व्यक्तीचे नाव त्यात घालावे. हे नाव घालण्याच्या बाबतीत मात्र आळस करू नये. एकदा मी आई-बाबांसाठी माझ्या खात्यातून खोली घेतली आणि ‘आडनाव तर एकच आहे’ म्हणून पाहुण्याचे नाव बदलले नाही. रात्री साडेदहाला दोघे रिसेप्शनवर आधार कार्ड घेऊन उभे, बुकिंग माझ्या नावावर आणि मी परगावी बैठकीत, फोन बंद. खोली मिळाली, पण पाऊण तासाने. तेव्हापासून मी ओळखपत्रावर आहे तसेच नाव घालतो आणि आदल्या दिवशी हॉटेलला फोन करून ते त्यांच्याकडे दिसते आहे ना, याची खात्री करून घेतो.

या मार्गात एक गोष्ट गमवावी लागते. मोफत नाश्ता, वरच्या दर्जाची खोली यांसारखे लाभ सामान्यतः सदस्य स्वतः राहत असेल तरच मिळतात. आपण गोल्ड किंवा प्लॅटिनम अशा वरच्या श्रेणीचे सदस्य असलो, तरी आत्याला त्याचा उपयोग नाही. हयातची ‘गेस्ट ऑफ ऑनर’ ही सवलत याला चांगला अपवाद आहे. ती ज्याच्याकडे असेल, त्याला आपल्या पाहुण्यालाही त्या मुक्कामापुरते सर्वोच्च श्रेणीचे लाभ देता येतात.

पॉइंट खरोखर हलवावे लागतात ते एकाच्या खात्यात थोडे कमी पडत असतील तेव्हा. येथे प्रत्येक साखळीचा नियम निराळा आहे. हिल्टनची सदस्य योजना, हिल्टन ऑनर्स, सर्वांत उदार आहे. तेथे आपण धरून ११ जण पॉइंट एकत्र करू शकतात, त्याला शुल्क पडत नाही, किमान १,००० पॉइंट द्यावे लागतात आणि एका सदस्याला एका कॅलेंडर वर्षात ५,००,००० पर्यंत पॉइंट देता येतात. मॅरियटच्या बॉनव्हॉय योजनेतही शुल्क नाही, पण वर्षाला १,००,००० पॉइंट देण्याची आणि ५,००,००० घेण्याची मर्यादा आहे. हयातच्या वर्ल्ड ऑफ हयात योजनेत एकदा पॉइंट एकत्र केले, की पुढचे ३० दिवस पुन्हा देता-घेता येत नाहीत, त्यामुळे भाऊ, बहीण आणि मेहुणा अशा तिघांकडून लागोपाठ गोळा करण्याचा बेत तेथे जमत नाही. आयएचजी (हॉलिडे इन वगैरेंची साखळी) मात्र सर्वसाधारणपणे दर १,००० पॉइंटमागे ५ डॉलर घेते. २०,००० पॉइंटसाठी १०० डॉलर मोजण्यापेक्षा ज्याचे पॉइंट आहेत त्यानेच बुकिंग केलेले बरे.

हिशेब कसा करावा, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, मॅरियटच्या एखाद्या हॉटेलात दर रात्री १०,००० पॉइंट लागत आहेत आणि पाच रात्री राहायचे आहे. पॉइंटवर सलग पाच रात्री घेतल्या, की मॅरियट त्यांतली सर्वांत कमी पॉइंटची रात्र आकारत नाही, त्यामुळे एकूण ४०,००० पॉइंट पुरतात. भावाकडे ३८,००० आहेत आणि बहिणीकडे ९,०००. बहिणीने सगळे ९,००० न देता फक्त २,००० द्यावेत, कारण एकदा गेलेले पॉइंट परत मागता येत नाहीत. पॉइंटचे दर रोज बदलू शकतात. म्हणून हव्या त्या तारखांना खोली पॉइंटवर उपलब्ध आहे, हे पडद्यावर दिसल्याशिवाय काहीही वर्ग करू नये. हिल्टनमध्ये पाचवी रात्र मोफत मिळण्यासाठी सिल्व्हर किंवा त्यावरची श्रेणी लागते, तेव्हा पॉइंट ज्याची श्रेणी वरची, त्याच्या खात्यात आणावेत आणि बुकिंग तेथूनच करावे.

नवे खाते उघडून लगेच त्यात पॉइंट टाकण्याचा प्रयत्न बहुधा फसतो. मॅरियटमध्ये खाते उघडून किमान ३० दिवस झालेले असावे लागतात आणि त्यात काही व्यवहारही झालेला असावा लागतो, व्यवहार नसेल तर ९० दिवस थांबावे लागते. सहल दिवाळीत असेल, तर आईचे खाते पावसाळ्यातच उघडून ठेवावे. दुसरी अडचण अगदी आपल्याकडची आहे. खाते माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, कुठे वडिलांचे नाव मध्ये घातलेले तर कुठे नाही. पॉइंट पाठवताना सदस्य क्रमांकाबरोबर नावही जुळावे लागते, म्हणून समोरच्याकडून त्याच्या खात्याच्या पानाचा फोटो मागवावा आणि नाव त्यातले अक्षर न अक्षर पाहून लिहावे. पासवर्ड किंवा ओटीपी मात्र सख्ख्या भावालाही देऊ नये. त्याची गरजही पडत नाही.

काही गोष्टी वर्ग होतच नाहीत. एचडीएफसी बँकेच्या मॅरियट कार्डावर मिळणारी मोफत रात्र त्यांपैकीच एक आहे. पॉइंटच्या बदल्यात पैसे घेणेही नियमांत बसत नाही. मित्राने ‘जीपे करतो’ म्हटले, तरी नम्रपणे नाही म्हणावे, कारण अशी विक्री उघडकीला आली तर खाते बंद होऊन उरलेले पॉइंटही जाऊ शकतात.

शेवटचा मुद्दा बेत रद्द होण्याचा. मुदतीत बुकिंग रद्द केले, की पॉइंट ज्या खात्यातून बुकिंग झाले त्या खात्यात परत येतात. ज्याने ते दिले त्याच्याकडे ते आपोआप जात नाहीत. वरच्या उदाहरणात भावाने खोली रद्द केली, तर बहिणीचे २,००० पॉइंट त्याच्याच खात्यात राहतील. तेव्हा त्याने ते तिला परत पाठवावेत की पुढच्या सहलीसाठी ठेवावेत, हे दोघांनी पॉइंट वर्ग करण्याआधीच बोलून घ्यावे.